मानीव रिसालदार

बातमी आली ती आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर. मी आर्णीच्या घरी अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. फोन वाजला, पण चष्मा सापडेना, आणि सापडेपर्यंत गटावर व्हायचा तो घोळ होऊन गेला होता. कुणीतरी हबीबभाईंचा फोटो टाकला होता. झेंडावंदनाचा, इस्त्रीच्या गणवेशात, टाचा जुळवून सलाम ठोकतानाचा. खाली लिहिलं होतं, 'आपले रिसालदार गेले.' आणि त्याच्याखाली आमच्या जुन्या हेडक्लार्कनं, मजकूर न वाचता नुसता फोटो पाहून, लिहून टाकलं होतं, 'हार्दिक अभिनंदन, पुढील वाटचालीस शुभेच्छा.' मी आधी हसले. मग परात बाजूला सारली आणि रडले. हबीबभाई असते तर हेडक्लार्कचीच बाजू घेतली असती. म्हणाले असते, "बाई, चुकलं काय त्याईचं? वाटचाल तर हायेच नं पुढं."

शेख हबीब शेख नूर, राहणार बोरी अरब. तालुक्याच्या गावी आमचं सरकारी ऑफिस होतं, तिथे ते शिपाई. ऑफिसचं नाव मी सांगत नाही. इतकी वर्षं त्याची अब्रू झाकली, आता पेपरात कशाला उघडी पाडू. माझ्याकडे आस्थापनेचं टेबल होतं. म्हणजे कुणाची रजा, कुणाची बढती, कुणाची निवृत्ती, सगळं माझ्या हाताखालून जायचं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी मान खाली घालून बसले होते, तर समोर फाडकन टाचा आपटल्या आणि खणखणीत आवाज आला, "चाय हाजिर है!" मी दचकून उभीच राहिले. मला वाटलं कलेक्टर आले. सगळं ऑफिस हसलं आणि हेडक्लार्क म्हणाले, "बसा मॅडम, हे आमचे रिसालदार. आवाज मोठा हाये, चावत नाहीत."

रिसालदार का, तर हबीबभाईंचे पणजोबा इंग्रजांच्या राणीच्या काळात घोडदळात रिसालदार, म्हणजे वरचे अधिकारी होते, आणि त्याचा पुरावा हबीबभाईंच्या घरी होता. जांभळ्या मखमलीच्या पाटीवर चांदीचं एक पदक, वर काच. दर झेंडावंदनाला ते ही पाटी टॉवेलात गुंडाळून ऑफिसात आणत आणि झेंडा फडकला, बुंदी वाटून झाली की सगळ्यांना दाखवत. पदकाची मूळ फीत कधीच विरून गेली होती. तिच्या जागी हबीबभाईंच्या बायकोनं, आमच्या भाभींनी, मुलीच्या वेणीची लाल रिबीन शिवली होती. पदकाच्या एका बाजूला राणीचा मुखडा, दुसऱ्या बाजूला पंखवाली एक बाई, बसलेल्या एका गड्याच्या डोक्यावर काहीतरी ठेवते आहे अशी. फीत जिथे अडकते तिथल्या चांदीच्या पट्टीवर इंग्रजीत 'बर्मा'. हबीबभाई समजावून सांगत, "ही परी. अन् हा माहा पणजा. परी त्याले टोपी घालून देऊन राह्यली."

मी एकदा विचारलं, "हबीबभाई, परीचं ठीक आहे. पण पणजोबांच्या अंगावर कपडे का नाहीत?"

ते क्षणभरही अडखळले नाहीत. "ब्रह्मदेशात गर्मी लय, बाई."

पणजोबांची लष्करी कारकीर्द आम्हा सगळ्यांना पाठ होती. हिंगोलीच्या छावणीत ते रिसाल्यात भरती झाले. त्या काळी रिसाल्यात घोडा ज्याचा त्यानं आणायचा. स्वतःचा घोडा असला तर तो शिलेदार, दुसऱ्याच्या घोड्यावर बसला तर बारगीर. पणजोबा अर्थातच शिलेदार, आणि घोडा अरबी. इथवर ठीक होतं. पण हबीबभाईंचं पुढचं म्हणणं असं की बोरी अरब या गावाच्या नावातला 'अरब' म्हणजे तोच घोडा. जाणती माणसं गावाच्या नावाची दुसरीच काहीबाही कारणं सांगायची. हबीबभाई ती शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "असंन. पण मंग घोडा कोठी गेला?" ब्रह्मदेशच्या लढाईत पणजोबांनी किती शत्रू लोळवले तो आकडा दर झेंडावंदनाला वाढत जाई. महागाई भत्ता त्या मानानं कमी वाढला. पण एक गोष्ट ते कधी बदलत नसत. पणजोबा तिकडून दोनच वस्तू घेऊन आले, एक हे पदक आणि दुसरा हिवताप, आणि दोन्ही त्यांनी मरेपर्यंत सांभाळले.

हबीबभाई स्वतः आधी ऑफिसच्या सायकलवर टपाल वाटत. स्वतःला बारगीर म्हणवत. मग त्यांनी जुनी लूना घेतली आणि त्या दिवशी पेढे वाटले, "आजपासून शिलेदार!" ती लूना ऑफिसच्या चढावर हटकून बंद पडे. तेव्हा ते तिला लाथ न मारता मानेवर, म्हणजे हँडलखाली, थोपटत आणि कानात काहीतरी बोलत. आश्चर्य म्हणजे ती सुरू होई.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या खात्यात शिपायाची बढती कशी होते हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. शिपायाचा नाईक होतो, नाइकाचा हवालदार आणि सगळ्यात शेवटी जमादार. नावं सगळी पलटणीतली, कामं घंटी वाजली की उठायची. जमादार म्हणजे सगळ्या शिपायांचा मुकादम, इतकाच काय तो फरक. हबीबभाई नाईक झाले, हवालदार झाले, आणि मग त्यांनी माझ्या टेबलाभोवती घिरट्या घालायला सुरुवात केली. "बाई, जमादाराचं काही समजलं काय?" रोज चहासोबत हा प्रश्न. पगारात पडणारा फरक एका बिस्किटाच्या पुड्याइतका. हेडक्लार्क चिडवायचे, "रिसालदाराचा पणतू अन् जमादार व्हायची हौस! लोक वरतं चढतेत, तुमी खालतं उतरून राह्यले." हबीबभाई हसत, पण ते हसणं टाचा आपटणाऱ्या माणसाचं नव्हतं, ते मला दिसत होतं.

एका झेंडावंदनाला पाटीवरची काच फुटली. बुंदीसाठी आलेली पोरं वळवळ करत होती, कुणाचा तरी कोपर लागला. सगळे पांगल्यावर अभिलेख कक्षात आम्ही दोघं काचेचे तुकडे वेचत होतो. हबीबभाईंनी पदक मखमलीवरून सोडवलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "चष्मा लावा बाई. वाचा."

"काय वाचू?"

"कड वाचा, कड."

नाण्याची कड असते तशी पदकालाही कड असते, आणि राणीच्या काळात तिच्यावर ज्याचं पदक त्याचं नाव कोरत, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिरकी बारीक इंग्रजी अक्षरं. मी पदक फिरवत फिरवत वाचलं... जमादार, शेख मदार, आणि पुढे रिसाल्याचं नाव. 'रिसालदार' कुठेच नव्हतं.

मग जे निघालं ते असं. हबीबभाईंचे वडील नूरचाचा बोरीत टांगा हाकत. हबीबभाईंसाठी पांढरकवड्याची मुलगी पाहिली तेव्हा समोरची पार्टी जबरी होती, हमरस्त्यावर ट्रकच्या गॅरेजचे मालक. टांगेवाल्यानं जाऊन बोलायचं काय? नूरचाचांनी पदक सोबत नेलं. मालकांनी विचारलं, "फौज में थे? कौन थे?" नूरचाचांनी तोंड उघडलं, "जम..." आणि तेवढ्यात त्यांची नजर दारात गेली. दारात कुठल्याशा ऑफिसचा एक जमादार साहेबाची पाण्याची बाटली घेऊन, गाडी दुरुस्त व्हायची वाट पाहत उभा होता. नूरचाचांनी अर्ध्यावर आलेला शब्द तिथेच वळवला. "जम... जमाना हो गया साहब, रिसालदार थे!" लग्न ठरलं. पणजोबा मरून किती काळ लोटला होता, पण त्या बैठकीत त्यांना बढती मिळाली.

"भाभींना माहीत नाही?" मी विचारलं.

"कशी सांगू? ते रिसालदाराच्या घरात आली हाये. मी शिपाई हावो हे तिनं माफ केलं, काऊन का माघं रिसालदार उभा हाये."

मी म्हटलं, "अहो, पण रिसाल्यातला जमादार म्हणजे अधिकारीच! कमरेला तलवार, खाली घोडा. ऑफिसातल्या जमादाराशी त्याचा काय संबंध?"

"मले माहीत हाये. आता तुमाले माहीत झालं. पन बोरीत कोनाले माहीत हाये? पांढरकवड्यात? जमादार म्हटलं का लोक काय म्हनतीन? मंजे याचा पणजाभी घंटी वाजली का उठे!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हनून म्हन्तो बाई, मले जमादार होऊ द्या. मंग मी घरात छाती काढून सांगीन, पणजा जमादार होता, पणतूभी जमादार झाला. दोघं बराबरीत. मंग त्याचं खरं सांगाले मले लाज नाही." ते पदक टॉवेलानं पुसत होते, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिले. एवढा मोठा आवाज असलेला माणूस घरात एक वाक्य बोलायला इतकी वर्षं घाबरत होता.

त्या दिवसापासून हबीबभाईंची बढती हे माझं व्रत झालं. पण सरकारी व्रताचं उद्यापन लवकर होत नसतं. जागा रिकामी होती, नाव यादीत वर होतं, टिप्पणी तयार होती, आणि आचारसंहिता लागली. ती उठली तर साहेब बदलले. नव्या साहेबांनी फाइल समजून घ्यायला मागितली आणि समजून घेताघेता त्यांचीही बदली झाली. तिसऱ्या साहेबांनी सही करायला पेन उघडलं तर वरून पत्र आलं की बढत्यांना तूर्त स्थगिती. हबीबभाई म्हणाले, "ब्रह्मदेश जिकाले एवढा वेळ नाही लागला, बाई." आणि हवालदार म्हणूनच ते साठीला निवृत्त झाले. निरोपसमारंभात साहेबांनी शाल घातली, नारळ दिला आणि भाषणात म्हणाले, "रिसालदारांच्या घराण्याचा वारसा..." भाभी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, नव्या ओढणीत, मान ताठ. हबीबभाई उत्तराला उभे राहिले. मला ठाऊक होतं की ते भाषण त्यांनी कैक वर्षं मनात घोकलं होतं. त्यांनी भाभींकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, टाचा आपटल्या, "सबका शुक्रिया" एवढंच म्हटलं आणि बसले.

मी मात्र फाइल सोडली नाही. आमच्या खात्यात एक सोय आहे. ज्याच्या हक्काची बढती त्याची चूक नसताना राहून गेली, त्याला मागाहून ती देता येते, मागच्या तारखेपासून. तिला म्हणतात मानीव दिनांक. माझ्या स्वतःच्या निवृत्तीच्या जरा आधी तो आदेश निघाला. मी फोन केला आणि हबीबभाई लूनावरून आले. इतकी वर्षं ती लूना टिकली होती हीच एक बढती म्हणायची. उभ्याउभ्याच त्यांनी आदेश हातात घेतला.

"मानीव मंजे काय, बाई?"

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही झाला नव्हतात. पण झालाच होतात असं सगळ्यांनी मानायचं. सरकारनंसुद्धा."

त्यांनी आदेश पुन्हा डोळ्यांजवळ नेला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. पण ते हसत होते, डोळ्यांना टॉवेल लावून हसत होते. "अरे बाप्पा! मंजे अब्बानं दुसरं काय केलतं? त्यानं पणज्याले मानीव रिसालदार केला! सरकार करते तं आदेश, अन् अब्बा करते तं लबाडी?" आता हसून हसून माझ्याही पोटात दुखायला लागलं. हेडक्लार्कची खुर्ची रिकामी होती, ते आधीच निवृत्त झाले होते. नाहीतर त्यांनाही सांगितलं असतं. जाताना हबीबभाई दारात थांबले, टाचा आपटल्या आणि कडक सलाम ठोकला. "जमादार शेख हबीब. आता घरी जाऊन सांगतो."

सांगितलं का, ते मला कळलं नाही. मध्ये एकदा फोन केला तर म्हणाले, "मोर्चा बांधून राह्यलो." दुसऱ्यांदा केला तर भाभींनीच उचलला, आणि त्यांना काय विचारणार? मग मीही निवृत्त झाले, आर्णीला आले, गुडघ्यांच्या मागे लागले. आणि मग तो फोटो आला. झोपेतच गेले म्हणतात. बोरीच्या चौकात फ्लेक्स लागला, त्यावर ठळक अक्षरात 'रिसालदार हबीबभाई'. तोही फोटो गटावर आला, आणि मला वाटलं, गेलं ते वाक्य त्यांच्यासोबतच गेलं... आयुष्यभर अडवून धरलेलं एक वाक्य, आणि ते बोलायचा धीर काही झाला नाही.

काही आठवड्यांनी मी बोरी अरबला भेटायला गेले. घर छोटंसं, दारात लूना, तिच्यावर पोतं टाकलेलं. भाभींनी चहा ठेवला. मी जपून बोलत होते. 'जमादार' शब्द तोंडातून निसटू नये म्हणून नुसतं हबीबभाई, हबीबभाई करत होते. मग भिंतीवरच्या पाटीकडे लक्ष गेलं. पाटी वाकडी टांगलेली होती, एका बाजूला चांगली बोटभर खाली. जवळ जाऊन पाहिलं तर काच काढून टाकलेली. मखमलीवर मधोमध पदक. त्याच्या डाव्या बाजूला त्यांचा शिपायाच्या पट्ट्यावरचा पितळी बिल्ला, आणि उजव्या बाजूला एका दणकट खिळ्याला लटकवलेला नट खोलायचा लोखंडी पाना. हातभर, काळाकुट्ट, ट्रकच्या चाकाला लावतात तसला.

"हा पाना कुणाचा, भाभी?"

भाभींनी चहाचे कप खाली ठेवले आणि ओढणी सावरली. "बाई, त्याईनं मले सांगतलं. तुमचा तो कागद घेऊन आले, मले खाटेवर बसवलं, सोता उभे राह्यले, अन् म्हने, माहा पणजा रिसालदार नव्हता, जमादार होता. मी म्हटलं, बसा पह्यले. मंग मी सांगतलं, माहे अब्बाभी गॅरेजचे मालक नव्हते."

"काय म्हणता!"

"मिस्तरी होते. मालक त्या दिवशी नागपूरले गेलता. अब्बा मालकाच्या खुर्चीत बसले, अन् मालकाची टोपी घातली. मी चाळीस साल घाबरून होती, का रिसालदाराच्या खानदानाले समजलं का मिस्तरीची पोरगी हाये, तं काय होईन."

मी चहा घेतला नव्हता हे बरं, नाहीतर नाकातून आला असता. "मग हबीबभाई काय म्हणाले?"

"काय म्हनतीन? चिडले! दोन दिवस माह्याशी बोलले नाही. म्हने, माह्या बापाले फसवलं! सोताचं विसरून गेले." भाभी हसल्या, आणि हसताहसता डोळे पुसले. "तिसऱ्या दिवशी उठले, माह्या भावाकडून अब्बाचा पाना मागून आनला, खिळा ठोकला. म्हने, आपन तिघं मानीव हावो, मानीव रिसालदार, मानीव जमादार अन् मानीव मालक. एका पाटीवर राहू दे."

मी घाबरत घाबरत विचारलं, "भाभी, मी पेपरात लिहिणार आहे त्यांच्याबद्दल. हे लिहू का?"

"लिहा नं, सगळं लिहा. आता कोनाले पोरगी मागाले जाचं हाये?"

निघताना राहवलं नाही. पाटी वाकडी पाहवेना, हे आस्थापनेच्या टेबलावरच्या बाईचं दुखणं. दोन्ही हातांनी धरून मी ती नीट सरळ केली. मागे वळले तोवर पान्याच्या वजनानं ती पुन्हा हळूच उजवीकडे कलली. मी पुन्हा हात लावायला गेले, तर भाभी दारातून म्हणाल्या, "राहू द्या बाई. तेभी रोज असेच सरळ करत अन् मंग म्हनत, सरळ हाये असं मान."